गोंधळ कुणाच्या सोयीचा होता?

आमच्या तालुक्यात ग्रामपंचायतीच्या स्त्री-सदस्यांसाठी आम्ही अधूनमधून शिबिरं घेतो. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचं बिल संसदेत मंजूर झालं, त्यानंतरच्या एका शिबिरात मी या बिलाचा इतिहास सांगत होते. सत्तावीस वर्षं ते कसं अडलं, भर लोकसभेत ते कसं हिसकावून फाडलं गेलं, हे जरा रंगवूनच सांगितलं. बायका हसल्या. "आमच्या ग्रामसभेसारखंच की!" असंही कुणी म्हणालं. मागे बसलेल्या एक मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या कुंभारवाड्यातल्या, ओबीसी महिलेसाठी राखीव असलेल्या जागेवरून निवडून आलेल्या. त्यांनी विचारलं, "ताई, त्यानं कागद फाडला ते सांगितलंत. पण फाडताना तो म्हणत काय होता?"

मी म्हटलं, "आरक्षणात मागासवर्गीय बायकांचा वेगळा वाटा ठेवा, म्हणत होता."

मावशी म्हणाल्या, "मग बरोबरच म्हणत होता की!"

मी पुढे काहीतरी बोलले, पण ते माझं मलाच पटलं नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. स्त्रियांच्या राखीव जागांना संसदेत झालेल्या विरोधाकडे आपण चळवळीतल्या बायका कशा पाहत आलो, हे मैत्रिणींपुढे मांडावं असं वाटलं, म्हणून हा लेख.

आधी घटनाक्रम थोडक्यात पाहू. लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना राखून ठेवणारं विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं ते १२ सप्टेंबर १९९६ रोजी, देवेगौडा सरकारच्या काळात. ते गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि समितीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अहवाल दिला. पण बिल मताला आलं नाही. लोकसभा बरखास्त झाली आणि बिलही गेलं.

१३ जुलै १९९८ रोजी वाजपेयी सरकारचे कायदामंत्री थंबीदुराई ते पुन्हा मांडायला उभे राहिले, तेव्हा राष्ट्रीय जनता दलाच्या सुरेंद्र प्रसाद यादव यांनी बिलाच्या प्रती हिसकावून फाडल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा तसाच प्रसंग आला. त्या वेळी विरोध करायला पुढे धावलेल्या समाजवादी पक्षाच्या एका खासदाराची कॉलर ममता बॅनर्जींनी धरली. बिल कसंबसं मांडलं गेलं, पण १९९९ मध्ये लोकसभेबरोबर तेही संपलं. त्या वर्षाच्या अखेरीस ते आणखी एकदा मांडलं गेलं, आणि तेही मताला आलं नाही.

६ मे २००८ रोजी मनमोहनसिंग सरकारने ते राज्यसभेत आणलं. कायदामंत्री हंसराज भारद्वाज यांच्या हातातून कागद हिसकावले जाऊ नयेत म्हणून त्यांना अंबिका सोनी आणि कुमारी शैलजा या दोन स्त्री-मंत्र्यांच्या मधे बसवावं लागलं. समाजवादी पक्षाचे अबू आझमी पुढे झाले तेव्हा रेणुका चौधरींनी त्यांना मागे ढकललं. स्त्रियांच्या हक्काचा कागद सभागृहात नुसता ठेवण्यासाठीसुद्धा स्त्रियांनाच भिंत व्हावं लागलं.

८ मार्च २०१० मला स्वतःला आठवतो. मी तेव्हा कॉलेजात होते, होस्टेलवर राहायची. जागतिक महिला दिनी बिल मंजूर होणार म्हणून आम्ही मुली मेसमधल्या टीव्हीसमोर बसलो होतो. दिसलं ते असं, की सभापतींच्या आसनाकडे धावणारे खासदार आणि उडणारे कागदाचे कपटे. त्या दिवशी मतदान झालं नाही. दुसऱ्या दिवशी सात खासदारांना निलंबित करण्यात आलं, मार्शल बोलावून त्यांना बाहेर काढलं आणि राज्यसभेने १८६ विरुद्ध १ अशा मतांनी बिल मंजूर केलं. आम्ही होस्टेलवर पेढे वाटले. पुढे चार वर्षं ते बिल लोकसभेत आलंच नाही. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि आमच्या पेढ्यांचा विषयही संपला.

हा इतिहास आपण नेहमी सांगतो. सांगताना आपल्या गोष्टीत एक खलनायक असतो. धोतरातला किंवा कुडत्यातला, उत्तरेकडचा, आरडाओरडा करणारा, बायकांना घरात कोंडू पाहणारा. या मंडळींचं समर्थन मला करायचं नाही. १९९७ मध्ये शरद यादवांनी आपल्याला 'परकटी' म्हणजे केस कापलेल्या बायका म्हणून हिणवलं, ते आपण विसरलेलो नाही. सभागृहात कागद फाडणं, माईक ओढणं हा युक्तिवाद नव्हे, ती दांडगाई आहे. ग्रामसभेत बाई बोलायला उभी राहिली की मागून शिट्ट्या वाजवणारे जे करतात, त्याचंच ते दिल्लीतलं रूप.

पण दांडगाई करणारी माणसं मूठभर होती. राज्यसभेत ती सात होती. सात माणसं एक बिल सत्तावीस वर्षं अडवू शकतात का? मार्शलना आत बोलावायचं ठरलं तेव्हा एका दिवसात ती बाहेर गेली आणि बिल मंजूर झालं. म्हणजे मनात असलं की करता येतं. मग बाकीची सगळी वर्षं मनात काय होतं?

मला वाटतं, हा गोंधळ सगळ्यांच्याच सोयीचा होता. मोठ्या पक्षांनी जाहीरनाम्यात आरक्षणाला पाठिंबा लिहायचा, बिल सभागृहात आणायचं, ठराविक मंडळींनी धिंगाणा घालायचा, कामकाज तहकूब व्हायचं आणि मग आपल्यासमोर येऊन सांगायचं, "आम्ही तर तयार आहोत हो, पण हे लोक करू देत नाहीत." विधेयकाचा अर्थ सरळ होता. निवडून आलेल्या दर तीन पुरुषांपैकी जवळपास एकाला आपली जागा सोडावी लागणार होती. स्वतःची खुर्ची जाणार हे ठाऊक असलेले कितीतरी सभ्य, शांत, सुशिक्षित खासदार आपापल्या जागी गप्प बसून होते. त्यांना ओरडण्याची गरजच नव्हती, त्यांच्या वतीने दुसरे ओरडत होते. २०१० नंतर काँग्रेस, भाजप आणि डावे हे तिघेही बाजूने असताना बिल लोकसभेत आणलं गेलं नाही. समाजवादी पक्ष आणि राजद यांनी पाठिंबा काढण्याची धमकी दिली होती आणि सरकारला बायकांपेक्षा सरकार प्यारं होतं. २०१४ मध्ये ज्यांना स्वतःचं बहुमत मिळालं, त्यांच्याही जाहीरनाम्यात तेहतीस टक्क्यांचं वचन होतं. त्यांनी बिल आणलं ते नऊ वर्षांनी.

आणि कायद्याची वाट पाहायची गरज तरी काय होती? पक्षाने आपल्या तिकिटांपैकी एक तृतीयांश स्त्रियांना द्यायला कोणता कायदा आडवा येतो? २०१९ मध्ये ओडिशात बिजू जनता दलाने लोकसभेच्या २१ पैकी ७ जागांवर स्त्रिया उभ्या केल्या आणि त्यातल्या ५ निवडून आल्या. बंगालमध्ये तृणमूल काँग्रेसने ४२ पैकी १७ तिकिटं स्त्रियांना दिली. ज्यांना द्यायची होती त्यांनी दिली. बाकीच्यांनी बिलाच्या नावाने उसासे टाकले.

हाच हिशेब गोंधळ घालणाऱ्यांनाही लावायला हवा. मागास आणि मुस्लिम स्त्रियांचा एवढा कळवळा होता, तर आपल्याच पक्षाच्या उमेदवार यादीत त्यांना त्यांचा वाटा देण्यापासून कुणी रोखलं होतं? जातीचा प्रश्न त्यांनी ढालीसारखा पुढे धरला आणि ढालीमागे होता तो पुरुषच. हे सगळं खरं आहे.

पण मावशींच्या प्रश्नाचं उत्तर यात येत नाही. प्रश्न वाईट हेतूने विचारला गेला म्हणून तो प्रश्न खोटा ठरत नाही.

आपल्या गावांकडेच पाहू. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा आल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. पण आपल्याकडे त्याबरोबर आणखी एक गोष्ट होती. १९९४ पासून राज्यात नागरिकांच्या मागास प्रवर्गाला २७ टक्के जागा होत्या आणि त्या जागांच्या आतही स्त्रियांचा वाटा होता. म्हणजे ज्या 'आरक्षणातल्या आरक्षणा'वरून दिल्लीत कागद फाटत होते, ते आपल्या गावात रीतसर सोडतीने चाललेलं होतं. शाळेतलं एखादं लहान मूल येतं, बरणीतून चिठ्ठी काढतं, तहसीलदार वाचतात, "प्रभाग दोन, नागरिकांचा मागास प्रवर्ग महिला." आभाळ कोसळत नाही. पुढे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहितीचा पाया मागितला आणि हे आरक्षण काही काळ अडकलं, तेव्हा आमच्या भागातल्या माळी, कुंभार, धनगर वस्त्यांतल्या बायकांची पहिली प्रतिक्रिया होती, "म्हणजे आता पुन्हा वाड्यातल्याच."

वाड्यातल्या म्हणजे कोण, हे गावात राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. शिबिरांमधून मी पाहिलेलं असं की, जिथे चिठ्ठी 'सर्वसाधारण महिला' अशी निघते, तिथे बहुतेक वेळा जमीनजुमला असलेल्या घरातली सून किंवा आधीच्या सरपंचाची बायको उभी राहते. तिच्यावर माझा राग नाही. तिलाही घरात बोलायला मिळत नाही, तिच्याही सह्या नवराच करतो आणि हळूहळू तीही शिकते, उभी राहते. पण तिच्या शिकण्याने कुंभारवाड्यात नळ येईलच असं नाही. कुंभारवाड्यातल्या बाईला तिच्या जागेची वेगळी चिठ्ठी लागली. मावशींचं म्हणणं एवढंच होतं.

दिल्लीत हा प्रश्न आला तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणींनी काय उत्तर दिलं? "आधी बिल होऊ द्या, पोट-आरक्षणाचं नंतर पाहू." आपल्याकडे कायद्याचा मुद्दाही होता. अनुसूचित जाती-जमातींच्या जागांतला एक तृतीयांश वाटा बिलात होताच. ओबीसींना मात्र लोकसभेत मुळात आरक्षणच नाही, मग त्यात स्त्रियांचा वाटा कुठून काढणार? मुद्दा बिनतोड होता. गीता मुखर्जी समितीनेही योग्य वेळी ओबीसी स्त्रियांचा विचार व्हावा असं सुचवलं होतं. पण 'योग्य वेळ' आणि 'नंतर पाहू' हे शब्द कुणाचे, हे आपल्याला ठाऊक असायला हवं होतं. आधी स्वातंत्र्य, मग बायकांचं पाहू. आधी संप, मग बायकांच्या मजुरीचं पाहू. हे शब्द आपण पुरुष कार्यकर्त्यांच्या तोंडून आयुष्यभर ऐकले. तेच आपण आपल्याच बहिणींना ऐकवले.

दलित-बहुजन स्त्रियांच्या गटांनी हे तेव्हाही बोलून दाखवलं होतं. राजकारणातल्या स्त्रियांचंही एकमत नव्हतं. उमा भारतींनी १९९६ मध्येही ओबीसी स्त्रियांचा वाटा मागितला आणि २०२३ मध्येही. २०१० च्या मतदानाच्या वेळी मायावतींच्या बहुजन समाज पक्षाने सभात्याग केला, ममता बॅनर्जींच्या तृणमूल काँग्रेसने मतदानात भाग घेतला नाही. म्हणजे विरोधात पुरुष आणि बाजूने स्त्रिया, इतकं ते चित्र सरळ नव्हतं. ते तसं मानणं आपल्याला सोपं गेलं. गोंधळ आपल्याही सोयीचा ठरला तो इथे. समोरचा माणूस दांडगाई करतोय म्हटल्यावर त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची जबाबदारी आपल्यावरून सुटली.

जे न ओरडता विरोधात गेले, त्यांच्याकडे तर आपण पाहिलंच नाही. २०१० मध्ये राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मत पडलं, ते एक मत आपल्या शरद जोशींचं होतं. ज्यांच्या शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने १९८६ मध्ये चांदवडला बायकांचा तो प्रचंड मेळावा भरवला, जिल्हा परिषदांच्या सगळ्या जागा बायकांनीच लढवाव्यात असं ज्यांनी म्हटलं, बायकोच्या नावावर जमीन करून देणारी लक्ष्मीमुक्ती ज्यांनी गावोगाव नेली, त्यांचं ते मत. जागा फिरत्या ठेवल्या तर कुणालाच आपला मतदारसंघ जोपासावासा वाटणार नाही, हा त्यांचा आक्षेप होता. मला त्यांचं मत मान्य नाही. पण आमच्या मावशींची पाच वर्षं संपली, प्रभागाची चिठ्ठी बदलली आणि नुकतंच कुठे कागद वाचायला लागलेल्या मावशी घरी बसल्या, तेव्हा या आक्षेपात तथ्य आहे हे मला मान्य करावं लागलं. २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतं पडली. त्या दोन विरोधी मतांपैकी एक होतं औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचं, दुसरं असदुद्दीन ओवैसींचं. मुस्लिम आणि ओबीसी स्त्रियांचा वाटा यात नाही, हे त्यांचं कारण. त्यांनी कागद फाडला नाही, बोलले आणि विरोधात मत दिलं. संसदेत विरोध असाच करायचा असतो. पण कागद फाटला की बातमी होते, आक्षेप मांडला की होत नाही.

आता २०२३ च्या कायद्याकडे वळू. २० सप्टेंबरला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत २१४ विरुद्ध ० मतांनी तो मंजूर झाला. घोषणा नाहीत, मार्शल नाहीत. २०१० मध्ये ओबीसी वाट्याची मागणी नाकारणाऱ्या काँग्रेसने या वेळी तीच मागणी केली आणि राहुल गांधींनी तेव्हा ते न केल्याचा खेद जाहीरपणे बोलून दाखवला. सगळीकडे आनंदीआनंद होता. फक्त कायद्यात एक अट होती. कायदा लागू झाल्यानंतरची पहिली जनगणना व्हावी, तिच्या आकड्यांवर मतदारसंघांची फेररचना व्हावी आणि मग आरक्षण सुरू व्हावं. तारीख कुठेच नव्हती. २०२४ ची लोकसभा निवडणूक आरक्षणाविना झाली आणि ५४३ जणांत ७४ स्त्रिया निवडून आल्या. २०१९ मध्ये ७८ होत्या. म्हणजे जवळपास एकमताने कायदा केल्यावर पुढच्याच निवडणुकीत चार स्त्रिया कमी झाल्या. त्या निवडणुकीत कुणीही कुणाच्या हातातून काही हिसकावलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, आपली गोष्ट आपण बदलून सांगायला हवी. बिल फाडणारा माणूस शिबिरात जरूर दाखवू, पण त्याच्या मागे गप्प बसलेली सगळी बाकंही दाखवू. आणि त्याने ओरडून विचारलेला प्रश्न त्याच्या हातातून काढून आपल्या हातात घेऊ. तो प्रश्न आपला होता, आपण तो परक्याच्या हाती जाऊ दिला.

हे करायचं कसं? माझ्या मनात तीन गोष्टी आहेत. पहिली, स्त्रियांच्या आरक्षणाबरोबर ओबीसी आणि अल्पसंख्याक स्त्रियांच्या वाट्याची मागणी आपल्या संघटनांच्या ठरावात सुरुवातीलाच असावी, शेवटी 'तसेच' म्हणून जोडलेली नसावी. घटनेत बदल लागत असेल तर तोही मागू. घटना बायकांसाठी बदलता येते हे आता सिद्धच झालं आहे. दुसरी, दर निवडणुकीला उमेदवार याद्या आल्या की प्रत्येक पक्षाने किती स्त्रियांना आणि कोणत्या थरातल्या स्त्रियांना तिकीट दिलं, ते आपल्या तालुक्यापुरतं तरी लिहून काढू आणि गावसभेत वाचून दाखवू. यासाठी संसदेची परवानगी लागत नाही. तिसरी, जागा फिरल्यामुळे घरी बसलेल्या आपल्या जुन्या सदस्यांना खुल्या जागेवरून उभं राहायला बळ देऊ, त्यांच्या प्रचाराला आपण जाऊ.

आपल्यातल्या काही जणी म्हणतील, अशाने आपल्यात फूट पडेल, विरोधकांना आयतं कोलीत मिळेल. ही भीती मलाही वाटते. पण फूट तर आहेच. कुंभारवाडा आणि वाडा यांच्यामधली वाट आपण काढलेली नाही, ती आपल्या आधीपासून आहे. ती नाही असं म्हणत राहिलो तर त्या वाटेवर दुसरंच कुणीतरी उभं राहून ओरडत राहील, आणि मावशी म्हणत राहतील, "बरोबरच म्हणतोय की!"

पुढच्या शिबिरात मी हा इतिहास पुन्हा सांगणार आहे. या वेळी सुरुवात मावशींच्या प्रश्नापासून करेन. मावशींना सांगून ठेवलं आहे, "तुम्ही यायचं, आणि या वेळी पुढे बसायचं." त्या म्हणाल्या, "बघते. सदस्य नाही आता मी, मला बोलावणं येईल का?"

बोलावणं धाडलं आहे.